पांढरी न झालेली फुलं

३ मार्च, सोमवार

आज काचघरात झारीकाकांनी मला हाताने खूण करून थांबवलं. "बाई, घाईत नसाल तर एक गंमत दाखवतो."

काचघराची किल्ली, पाणी, माती, कीड हे सगळं काका बघतात. हातात कायम झारी, म्हणून झारीकाका. चौदा वर्षं आम्ही सकाळी अकराला त्यांच्या बाकड्यावर बसून चहा पितो. ते बोलतात झाडांबद्दल, मी बोलते घरच्यांबद्दल.

गंमत होती ब्रुनफेल्सियाच्या शेवटच्या रांगेत, एक्केचाळीस नंबरच्या कुंडीत. ही झुडपं वांगी, मिरची, धोत्रा यांच्याच कुळातली, पण खायच्या उपयोगाची नाहीत, विषारी. फूल उमलतं गर्द जांभळं, दुसऱ्या दिवशी फिकटतं, तिसऱ्या दिवशी पांढरंफटक. एकाच झुडपावर तिन्ही रंग दिसतात, म्हणून लोक त्याला काल-आज-उद्या म्हणतात. तो रंग जातो कुठे, हे शोधण्यात माझी नऊ वर्षं गेलीत.

काकांनी पानं बाजूला सारली. पाच फुलांच्या देठांना पांढरा दोरा बांधलेला. "गेल्या सोमवारी उमलली तेव्हा बांधलाय. आज पुन्हा सोमवार. बघा."

पाचही जांभळी. एक गळायला आलं होतं, तेही जांभळंच.

"हे कधीपासून असं आहे?"

"मागच्या वर्षीही वाटलं होतं मला. म्हटलं, म्हाताऱ्याचे डोळे. म्हणून यंदा दोरा."

मी त्यांना चक्क टाळी दिली. मग धावत वर येऊन नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'कुंडी क्र. ४१ मधील फुलांचा रंग सात दिवसांनंतरही कायम असल्याचे निरीक्षणात आढळले.' नेहमीप्रमाणे शाई सांडली.


७ मार्च, शुक्रवार

चार दिवस पोटात ठेवलं. आज घारीला सांगितलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिचे डोळे घारे आणि माझी बोटं शाईने माखलेली, म्हणून ती घारी, मी शाई. बावीस वर्षं एकाच खोलीत समोरासमोर टेबलं आहेत. ती डॉक्टरेट करून वर गेली, आईच्या आजारपणात माझं राहिलं ते राहिलंच. मी अजून सहायक. त्याचं तिने कधी मला जाणवू दिलं नाही.

दोऱ्यांची गोष्ट ऐकून ती खुर्चीतून उठलीच. खाली जाऊन झाड बघून आली. परत आल्यावर बराच वेळ खिडकीशी उभी होती.

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"तुला. आणि काकांना तर माहितीच आहे."

"मग आता तोंडाला कुलूप. साहेबांनासुद्धा नाही. अशा गोष्टी पळवायला लोक टपलेले असतात, शाई. तू फार भोळी आहेस."

मला बरं वाटलं. आपल्यापेक्षा आपल्या कामाची काळजी दुसऱ्या कुणाला असली की किती हलकं वाटतं. बिचारीला स्वतःचीच धास्ती कमी नाही. ऑक्टोबरात तिच्या पदाचा फेरविचार आहे आणि पाच वर्षांत तिचा एकही शोधनिबंध छापून आलेला नाही.


२८ मार्च, शुक्रवार

रोज सकाळी आठला फुलं खुडते. आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये पाकळ्या वाटायच्या, गाळायच्या, यंत्रात नळी ठेवून रंगाचा आकडा घ्यायचा. साध्या झुडपांचा आकडा तिसऱ्या दिवशी जवळजवळ शून्यावर येतो. एक्केचाळीसचा पहिल्या दिवशी जेवढा, तेवढाच पाचव्या दिवशी.

आज मात्र पहिलं वाचन ०.४१७ आलं. यंत्राचा दिवा तापायच्या आधीच नळी ठेवली मी, आकडा साफ खोटा. वहीत लिहून ठेवलाय, उद्या काट मारेन. आज बोटं फार चिकट आहेत.


५ एप्रिल, शनिवार

घारी वही घरी घेऊन गेली. "तुझं लिखाण म्हणजे किराण्याची यादी. मी आकडे नीट तक्त्यात बसवून देते, मग तू लिहायला बस."

नवरा जेवताना म्हणाला, "मूळ वही दिलीस?" तो चष्म्याचं दुकान चालवतो. लोकांच्या डोळ्यांत बघून बघून संशयी झालाय.

"घारीला दिली," मी म्हटलं. "रस्त्यावरच्या माणसाला नाही."

"बरं," म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.


१४ एप्रिल, सोमवार

झालं! आज झालं!

आधी शांतपणे लिहिते. पांढऱ्या होत चाललेल्या साध्या फुलांचा रस काढला आणि जांभळ्या रंगाच्या नळीत घातला. तासाभरात रंग उडाला. मग एक्केचाळीसच्या तेवढ्याच वयाच्या फुलांचा रस दुसऱ्या नळीत. एक तास. दोन तास. चार तास. रंग तसाच. म्हणजे जांभळा रंग मोडणारं जे विकर बाकीच्या झुडपांत तयार होतं, ते या एका झुडपात तयारच होत नाही. नऊ वर्षं मी दार शोधत होते, आणि या झाडाने ते आतून उघडून दाखवलं.

घारीने मला मिठी मारली. ती रडत होती. मीही. तिने दोन्ही नळ्यांचे फोटो काढले. सातशेसाठ फोटो आमच्या आयुष्यात आहेत, तिच्या भाच्याच्या मुंजीपासून माझ्या लग्नापर्यंत, पण हे दोन मी चौकटीत लावणार.

काकांना सांगायला खाली गेले तर ते पंप दुरुस्त करत होते. "चांगलं झालं, बाई," म्हणाले. "त्याला पाणी मात्र माझंच द्यायचं हं. नळाचं नाही चालत त्याला." कोपऱ्यातल्या पिंपात ते पालापाचोळा भिजवून ठेवतात, ते तांबूस पाणी. प्रत्येक माणसाचं काहीतरी खूळ असतं.


२६ एप्रिल, शनिवार

कामावरून निघताना फाटकाशी घारी भेटली. शनिवार असूनही आली होती. मावसबहिणीकडे दुसऱ्या गावी निघालेली, हल्ली तिसऱ्यांदा. हातातल्या कापडी पिशवीतून ओलं वर्तमानपत्र डोकावत होतं.

"हे काय गं?"

"पालेभाजी. तिच्याकडे ताजी मिळत नाही."

मला हसू आलं. घारी आणि भाजी निवडणं! आयुष्यात तिने जुडी सोडवलेली मी पाहिलेली नाही. माणूस वयानुसार बदलतो म्हणायचं.


२८ एप्रिल, सोमवार

एक्केचाळीसच्या सात फांद्या कापून नेल्यात.

मोडलेल्या नाहीत. धारदार पात्याने, तिरका काप देऊन, कोंब फुटतो त्या डोळ्याच्या बरोबर खाली. कलम करायचं असतं तसा. ज्याला येतं त्यानेच केलंय. मी सातही काप बोटाने चाचपून पाहिले.

काका म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळी मी कुलूप लावलं तेव्हा झाड धड होतं. शनिवारी माझी सुट्टी." त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्या वेळी तो चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा वाटला. वाटला, म्हणून लिहिते.

वर आल्यावर घारीने मला पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "मी कुणाचं नाव घेत नाही. पण किल्ली कुणाकडे असते?"

"त्यांच्याकडे. आणि एक कार्यालयात."

"कलम करता कुणाला येतं?"

मी पेला खाली ठेवला.

"रोपवाटिकावाले अशा झाडासाठी काहीही करतील. न कोमेजणारा रंग! काका चांगलेच आहेत गं. पण आठ महिन्यांनी निवृत्त होतायत."


२९ एप्रिल, मंगळवार

साहेबांना सांगितलं. पुरावा नाही, पण शंका आहे असं म्हटलं. नाव मी घेतलं.

साहेब फायलीत सही करत होते. "तुमची खात्री आहे, मॅडम?"

"किल्ली त्यांच्याकडेच असते."

"ठीक. बघतो."

अकराचा चहा मी आज टेबलावरच घेतला.


२ मे, शुक्रवार

काकांकडून काचघराची किल्ली काढून घेतली. सगळ्यांच्या देखत, व्हरांड्यात. त्यांना मागच्या खतखड्ड्यांवर पाठवलंय. ते माझ्यासमोरून गेले, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निदान भांडायचं तरी. खरा माणूस भांडतो, असं घारी म्हणाली.


१७ जून, मंगळवार

दीड महिना काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं झालंच नाही. काचघराचं पाणी आता कंत्राटदाराचा माणूस नळाच्या पाइपने देतो.

घारी म्हणते, लेखाची घाई करू नकोस, अजून एक मोसम मोज. पक्कं होऊ दे. मीही तेच म्हणते. कच्चं काही बाहेर पडायला नको.

एक्केचाळीसची नवी पानं पिवळी येतायत. शिरा तेवढ्या हिरव्या.


८ सप्टेंबर, सोमवार

ग्रंथालयात नवीन अंक आले होते. मी उभ्याउभ्याच चाळत होते. चौतिसाव्या पानावर ब्रुनफेल्सिया दिसलं म्हणून थांबले. आधी आनंदच झाला. आपल्या विषयावर कुणीतरी काम करतंय म्हणून!

मग फोटो बघितला. वीतभर रोप, एकच फूल, खाली लिहिलेलं: सातवा दिवस. शेजारी दोन नळ्या, एक रंगीत, एक बिनरंगी. मागे आमच्या खिडकीची तुटकी जाळी.

मग नावं वाचली. चार नावं मला अनोळखी, घारीची मावसबहीण राहते त्याच गावातल्या संस्थेतली. सगळ्यात पहिलं नाव घारीचं.

तरी मला वाटलं, माझं नाव पुढच्या पानावर असेल. खरंच वाटलं. मी पान उलटलं. शेवटी आभार होते, ते सगळे वाचले. नव्हतं.

तक्त्यात माझे आकडे. रांगेने, एकही न बदलता. २८ मार्च, पहिलं वाचन, ०.४१७.

तो खोटा आकडा, ज्यावर काट मारायला मी विसरले. जगात दुसऱ्या कुणाच्या यंत्रात तो येणं शक्य नाही.

ग्रंथपाल म्हणाले, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, चष्मा बदलायला झालाय.


९ सप्टेंबर, मंगळवार

जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. उद्या मी ते मनात मऊ करत बसेन, मला माहितीय.

मी अंक तिच्या टेबलावर उघडा ठेवला. तिने दार लावून घेतलं.

"बस आधी."

"बसायला नाही आले."

"मी सांगणारच होते तुला."

"कधी?"

तिने अंक मिटून बाजूला सारला. मग म्हणाली, "शाई, तू हे कधी लिहिलं असतंस? खरं सांग. कपाटात तुझ्या अकरा वह्या पडून आहेत. तू मोजत राहिली असतीस. अजून एक मोसम, अजून एक मोसम."

"अजून एक मोसम तूच म्हणालीस मला. जूनमध्ये."

"हो." तिने डोळे मिटले. "तेव्हा लेख पाठवून झाला होता."

इतकं सरळ सांगितलं तिने. "माझं नाव का नाही घातलंस? शेवटी तरी घालायचंस. पाचवं. सहावं."

"तुझं नाव घातलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की काम कुणाचं. मला पहिलं नाव हवं होतं. ऑक्टोबरात मला घरी बसवणार होते. मला एकटीचं घर चालवायचंय. तुला नवरा आहे."

"आणि फांद्या? काकांवर आळ आला तेव्हा तू इथे बसून माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस!"

"आळ मी घेतला नाही. साहेबांकडे तू गेलीस. मी फक्त विचारलं, किल्ली कुणाकडे असते. कार्यालयातली किल्लीही तुला माहीत होती." मग तिचा आवाज चढला. "आणि एवढं नावाचं म्हणतेस, तर तुझ्या वहीत झारीकाकांचं नाव कुठे आहे? दोरे त्यांनी बांधले. तूच सांगितलंस मला. मी मुद्दाम शोधलं वहीत. एका ओळीतसुद्धा नाही."

मी अंक उचलला आणि बाहेर आले. जिन्यात बसून राहिले. आमची खोली एकच, टेबलं समोरासमोर. परत जाऊन बसायचं कुठे?


११ सप्टेंबर, गुरुवार

हे वेगळं आहे. तिने माझं काम उचललं, मी काकांचं काहीही उचललेलं नाही. निरीक्षण म्हणजे शोध नव्हे. शोधाला प्रयोग लागतो, आकडे लागतात. माळ्याने दाखवलेलं फूल आणि माझ्या दीडशे नळ्या एकाच तराजूत?

आईच्या शेवटच्या आजारात घारी अकरा दिवस दवाखान्यात माझ्याबरोबर होती. आईचे केस विंचरायची. ते अकरा दिवस खरे होते की नाही, याचाच विचार करतेय. खरे होते. हेच तर सहन होत नाही. खोटे असते तर सरळ रागावता आलं असतं.

नवऱ्याने विचारलं, "तुला जास्त कशाचं लागलंय? लेखाचं की तिचं?"

"तिचं," म्हटलं. त्याने "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही. त्याबद्दल त्याला शंभर गुन्हे माफ.


१४ सप्टेंबर, रविवार

वही आणली घरी. पहिलं पान काढलं. 'निरीक्षणात आढळले.' कुणाच्या निरीक्षणात, ते वाक्यात नाहीच. मराठी फार सोयीची भाषा आहे. कर्ता न सांगता आख्खं वाक्य पुरं होतं.

पाच दोरे. उमलण्याची तारीख लक्षात ठेवलेली. शेजारच्या कुंडीतल्या फुलांनाही त्यांनी दोरे बांधले होते, तुलनेसाठी. ते मी त्या दिवशी पाहिलं होतं आणि आजपर्यंत कुठेही लिहिलं नाही, या दैनंदिनीतसुद्धा नाही. याला प्रयोग म्हणत नाहीत तर काय म्हणतात?

संध्याकाळपर्यंत तीन पानं लिहून फाडली. सगळ्यांत मी कशी वेगळी आहे तेच लिहिलं होतं.


१६ सप्टेंबर, मंगळवार

खतखड्ड्यांवर गेले. चार महिने त्या बाजूला फिरकले नव्हते. काका घमेलं भरत होते. वाळलेत. मला पाहून त्यांनी फावडं जमिनीत रोवलं आणि उभे राहिले, बसा म्हणाले नाहीत.

मी सांगितलं सगळं. घारी, फांद्या, लेख. ते ऐकत होते.

"म्हणजे तुमच्या मैत्रिणीने नेल्या."

"हो. माझं चुकलं, काका. मी तुमची माफी मागायला आलेय."

"माफीचं काय एवढं." त्यांनी हात अंगावरच्या फडक्याला पुसले. "तुम्ही साहेबांना सांगितलंत. त्यांना सांगायच्या आधी मला विचारायचं होतंत. चौदा वर्षं चहा प्यायलो आपण. काका, तुम्ही नेल्यात का, एवढंच. मी नाही म्हटलं असतं. मग तुम्ही विश्वास ठेवला नसतात तरी चाललं असतं."

त्यांनी घमेलं उचलून बाजूला ठेवलं.

"घरी मुलीने विचारलं, बाबा किल्ली कुठे? रोज जुडगा खुंटीवर टांगायचो. चार महिने तिला खोटं सांगतोय, हरवली म्हणून."

नंतर म्हणाले, "झाड कसं आहे?"

मी म्हटलं, पिवळं पडलंय.

"पाणी नळाचं देतात ना?" ते चिडले. त्या सगळ्या बोलण्यात तेवढ्याच वेळी चिडले. "सांगितलं होतं तुम्हाला! त्याला आंबट पाणी लागतं. पाला आठ दिवस भिजवा, गाळा, एक दिवसाआड तांब्याभर घाला. वरून नाही, बुडाशी."

मी वही काढून लिहून घेऊ लागले.

"माझं नाव घालून लिहा," असं ते म्हणाले. की मला ऐकू आलं? नाही, म्हणालेच. हसून नाही.


३ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांनी बोलावलं. दोन्ही संस्थांमध्ये बोलणं झालंय. साहेब घामाघूम.

"मॅडम, दुरुस्ती छापून येईल. दुसरं नाव तुमचं घालायला ते तयार आहेत. तुम्ही फक्त लिहून द्यायचं की समजुतीचा घोटाळा होता. प्रकरण मिटेल. तुमच्या बढतीच्या कागदालाही जरा वेग येईल."

मी म्हटलं, विचार करते. खोटं कशाला सांगू, मी केला विचार. नाव छापलेलं कसं दिसेल, तेही डोळ्यांसमोर आणून पाहिलं. घरी जाताना दोनदा मनाशी हो म्हणून टाकलं.


२० ऑक्टोबर, सोमवार

निवेदन दिलं. साडेतीन पानं, तारखांसहित. एक, आकडे आणि नळ्यांचा प्रयोग माझा, ०.४१७ हा त्याचा पुरावा. दोन, हे झाड सर्वांत आधी ओळखलं आणि दोरे बांधून पडताळलं ते काचघराच्या माळ्यांनी, त्यांचं पूर्ण नाव. तीन, फांद्या चोरल्याचा संशय मी त्यांच्यावर घेतला, तो निराधार होता.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "शेवटची दोन कलमं काढा. पहिला शोध माळ्याचा म्हणालात तर तुमचा दावा अर्धा झाला. आणि तिसऱ्याने तर तुमच्यावरच चौकशी लागेल."

"लागू दे."

"मॅडम, भावनेच्या भरात..."

"साहेब, मी सतरा दिवस घेतलेत. भावनेचा भर एवढा टिकत नाही."

सही करताना शाई सांडली नाही. घारी असती तर म्हणाली असती... काही नाही.


६ नोव्हेंबर, गुरुवार

घारी गेली. त्याच दुसऱ्या संस्थेत तिला जागा मिळालीय, इथल्यापेक्षा वरची. मी काचघरात असताना येऊन टेबल रिकामं करून गेली. चिठ्ठी नाही. मी सगळे खण उघडून पाहिले. मग स्वतःचेही पाहिले.

मला लेखी समज मिळाली. बढतीचा कागद थांबला. काकांवरचा ठपका पुसून टाकल्याचं पत्र निघालं आणि किल्ली परत देऊ केली. ते म्हणाले, दोन महिन्यांसाठी नको, मोकळ्या हवेत बरं वाटतंय. पत्र मात्र मुलीला दाखवायला घेऊन गेले.


१२ जानेवारी, सोमवार

अंक आला. दुरुस्ती छापून आलीय, पानाच्या तळाशी, नखाएवढ्या अक्षरांत. घारीचं नाव पहिलंच राहिलं. माझं दुसरं. काकांचं नाव मी तीनदा कळवलं होतं. तिथे छापलंय: 'उद्यानातील कर्मचारी वर्गाचे आभार.'

काका डिसेंबरअखेर निवृत्त झाले. घर शोधत गेले. दुसरा मजला, दारात चपला, आत शिवणयंत्राचा आवाज. मुलीने दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा बंद झाला. तरी आत घेतलं.

काका खिडकीशी बसले होते. मी अंक त्यांच्या हातात दिला. अंक इंग्रजीत, त्यांना ती भाषा वाचता येत नाही. पान उघडून धरलं.

"यात माझं नाव कुठंय?"

मुलगी यंत्र थांबवून बघत होती. कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं असतं तर चाललं असतं. त्यांना आनंद झाला असता, तिलाही. माझं बोट कागदावर टेकलंही होतं.

"नाही आलं, काका. मी पूर्ण नाव कळवलं होतं. त्यांनी नुसतं कर्मचारी वर्ग लिहिलंय."

त्यांनी अंक मिटला. मुलगी उठून आत गेली.

"तुम्ही लिहिलं होतंत ना? तुमच्या कागदात?"

"हो."

"तो दाखवा."

निवेदनाची प्रत माझ्या पिशवीत होती. ती आपल्या भाषेत. त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. साडेतीन पानं. तिसरं कलम दोनदा वाचलं. मग परत दुसऱ्या कलमावर आले आणि थांबले.

"वडिलांचं नाव चुकलंय."

मी वाकून पाहिलं. "मी हजेरीपटावरून घेतलं."

"हजेरीपटावर एकतीस वर्षं चुकलेलंच आहे. तिथं कधी बोललो नाही मी." त्यांनी माझ्यापुढे हात केला. "पेन द्या. हे बरोबर असू द्या."

मी पेन दिलं. त्यांनी चुकीच्या अक्षरावर एक बारीक रेघ मारली आणि वर सावकाश, शाळेत गिरवतात तसं, नाव लिहिलं. मग मुलीला हाक मारली, "अगं, चहा टाक. तीन कप."